मे महिन्यात धाविक पाहायला माळावर गाडी न्यायची तर

पुण्याच्या एका गृहस्थांनी विचारलंय: ‘सुट्टीत बायको-मुलांना घेऊन इंदापूर-बारामतीकडच्या माळरानांवर धाविक पक्षी पाहायला जायचं आहे. गाडी नवी आहे, बांधा उंच आहे, पण फोर-व्हील-ड्राइव्ह नाही. कच्च्या रस्त्यावर ती जाईल का? टायरमध्ये हवा किती ठेवू? आणि फोटोसाठी रस्ता सोडून पन्नास-शंभर फूट आत घेतली तर चालेल का? बाकीचे घेतात असं दिसतं.’

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण आधीच्या दोन्हींची उत्तरं त्याच्यावरच अवलंबून आहेत. मे महिन्यात रस्ता सोडू नका. पन्नास फूट नको, पाच फूट नको, गाडी वळवण्यापुरतीही नको. डिसेंबरात विचारलं असतंत तर जरा इकडचं-तिकडचं बोललो असतो. मेमध्ये मात्र यात बोलण्यासारखं काही नाही.

धाविक घरटं बांधत नाही. साधारण मार्च ते ऑगस्ट हा त्याच्या विणीचा काळ. उघड्या मुरमावर, खडकाळ पडीक रानात दोन-तीन अंडी घालतो आणि तिथेच बसतो. खाली ना काडी, ना पान. माळटिटवी त्याच सुमारास जमीन जराशी उकरून चार अंडी घालते, भोवती फार तर थोडे खडे असतात. पखुर्डी, रातवा या पक्ष्यांचाही संसार जमिनीवरच. डोंबारी, ही चंडोलाची छोटी जातभाई, निदान गवताच्या ठोंबाचा आडोसा बघते. सगळ्यांच्या अंड्यांचा रंग मातीचा, वर काळपट-तपकिरी ठिपके. दोन हात अंतरावर उभं राहूनही ती दिसत नाहीत, तर स्टिअरिंगमागून काय दिसणार!

यात एक गोम आहे आणि ती चांगल्या माणसांनाच नडते. माळावर जायला शिकलेला, गवताची कदर असलेला माणूस गवत चिरडू नये म्हणून मोकळ्या, उघड्या जागेवरून गाडी घालतो. ‘इथे काहीच नाही, इथून जाऊ’ असं त्याला वाटतं. पण सपाट, उघडी, बारीक खड्यांची, चारी बाजूंनी लांबवर दिसणारी जागाच धाविक आणि माळटिटवी अंडी घालायला हुडकत असतात. ड्रायव्हरला जी जागा मोकळी वाटते तीच त्यांची बाळंतिणीची खोली. त्यामुळे ‘मी गवतावर गाडी घातली नाही’ हे मे महिन्यात समर्थन होऊ शकत नाही.

टिटवी निदान ओरडते. डोक्यावर घिरट्या घालते, पंख मोडल्याचं सोंग करत लंगडत दूर नेते. तिच्या आरडाओरड्यावरून कळतं की आपण नको तिथे आलोय. धाविक तसं काही करत नाही. तुम्ही बरेच लांब असतानाच तो अंड्यांवरून गुपचूप उठतो, थोडं धावतो, ताठ उभा राहतो, पुन्हा धावतो आणि मग एखादा किडा टिपल्यासारखं करतो. बघणाऱ्याला वाटतं, छान, निवांत चरतोय, जरा जवळ जाऊ. अंडी तेव्हा तुमच्या आणि त्याच्या मध्ये कुठेतरी असू शकतात. पिल्लं झाली असतील तर ती धोका जाणवताच जमिनीला चिकटून बसतात आणि चाक अगदी जवळ आलं तरी बऱ्याचदा हलत नाहीत. ससाण्यापासून वाचायला ही युक्ती उत्तम आहे. टायरपुढे तिचा उपयोग शून्य.

चाक अंड्यावर गेलं नाही तरी नुकसान होतं, ते उन्हामुळे. मेमध्ये या भागात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि मुरूम त्याहून कितीतरी जास्त तापतो. अशा वेळी पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. टिटव्या तर पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात आणि अंडी गार ठेवतात. तुमची गाडी मध्ये उभी राहिली, पक्षी परतू शकला नाही, की उघडी अंडी तापत राहतात. सकाळी साडेसहाला पंधरा मिनिटांनी फारसं बिघडत नाही, साडेअकराला तेवढीच पंधरा मिनिटं महागात पडू शकतात. म्हणून मे महिन्यात मी गटांना पहाटे नेतो आणि नऊच्या सुमारास माळावरून बाहेर काढतो. लोक कुरकुर करतात. एवढ्या लांबून आलो, अजून तासभर थांबू म्हणतात. पण नऊनंतर फोटोही धड येत नाहीत, जमिनीवरची हवा थरथरायला लागते आणि लाखाच्या लेन्समधूनही पक्षी पाण्यात बुडाल्यासारखा दिसतो. कॅमेरेवाल्यांना अंड्यांचं कारण पटलं नाही, तर हे पटतं.

कायद्याचंही एका वाक्यात सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस करणं आणि अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं येतं. बंदूक लागत नाही.

आता चाकोरीकडे येऊ. माळावर बैलगाड्या, मेंढरं, ट्रॅक्टर आणि दुचाक्यांनी पाडलेली दोन चाकांची वाट असते. तिथली माती आधीच दाबली गेली आहे. तिथे तुम्ही गेल्याने फार काही वाढत नाही. चाकोरीबाहेर मात्र प्रत्येक चाक नवं असतं. आपल्या पठारावर या माळांची माती म्हणजे काळ्या खडकावर वितीपेक्षाही पातळ मुरमाड थर. त्यात पवन्या, कुसळी या गवतांची मुळं धरून असतात. एकदा चाकाने तो थर दाबला की पहिल्या पावसाचं पाणी तिथे मुरत नाही, वाहतं. दोन-तीन पावसाळ्यांत त्या रेघेचा ओहोळ होतो. मग पुढची गाडी तो ओहोळ टाळून शेजारून जाते, त्यापुढची आणखी शेजारून. दहा फुटांच्या वाटेची साठ फूट रुंद, पाच-सहा पदरी वाट कशी होते ते बघायचं असेल तर पक्षीनिरीक्षकांच्या कुठल्याही लाडक्या माळावर जा. धनगरांनी पिढ्यान् पिढ्या मेंढरं चारून ते केलेलं नाही. गेल्या काही वर्षांत आपणच केलंय.

तेव्हा नियम असा ठेवा की चाकोरीत खड्डा आला तर वेग कमी करून खड्ड्यातूनच जायचं, बाजूने नाही. गाडीचं पोट मधल्या उंचवट्याला घासत असेल तर एक चाक उंचवट्यावर आणि दुसरं कडेच्या गवतावर घेण्याचा मोह होतो. विणीचा काळ नसताना, थोड्या अंतरापुरतं, कडेला उघडा दगड असेल तर ठीक. पण सबंध वाटच तशी काढावी लागणार असेल, तर ती वाट तुमच्या गाडीसाठी नाही असं समजा आणि मागे फिरा. रुंद जागा दिसेपर्यंत रिव्हर्स घ्या. रिव्हर्समध्ये अर्धा किलोमीटर जाणं कंटाळवाणं असतं खरं, पण जमतं. समोरून गाडी आली तरी तेच. दोघांनी गवतात उतरण्यापेक्षा ज्याला रुंद जागा जवळ आहे त्याने मागे जावं.

शिवाय रस्ता सोडण्यात तुमचा स्वतःचा एक धोका आहे. वनखात्याच्या पुष्कळ माळांवर पाणी अडवायला सलग समतल चर खणलेले असतात. गवत वाढलं की ते वरून दिसत नाहीत. पुढचं चाक अचानक खाली जातं आणि मग पक्षी राहतात बाजूला, दुपार ट्रॅक्टरची वाट बघण्यात जाते.

गाडीचं म्हणाल तर मेमधल्या कोरड्या मुरमावर तुमची टू-व्हील-ड्राइव्ह पुरेशी आहे. बिनधास्त न्या. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी दहा-पंधराने. या वेगाला विशेष कारण आहे: वाटेतच रातवा बसलेला असतो, चंडोल धुळीत अंघोळ करत असतो, वाटेकडेच्या दगडावर गळ्याचा निळा-नारिंगी पंखा फुलवून सरडा मिरवत असतो. पंधराच्या वर गेलात की यातलं काही वेळेवर दिसत नाही. पहाटे अंधारात शिरत असाल तर आणखी सावकाश, दिव्याच्या झोतात वाटेवर तांबडा निखारा चमकला तर तो रातव्याचा डोळा समजा. जरा थांबा, तो उडेल.

हवेबद्दल लोक व्हिडिओ बघून येतात आणि टायर निम्मे रिकामे करतात. ते वाळूसाठी ठीक आहे. आपल्या माळावर वाळू नाही, धारदार मुरूम आहे आणि वेड्या बाभळीचे काटे आहेत. हवा कमी केली की टायरची बाजू फुगून बाहेर येते आणि नेमकी तीच फाटते. बाजूला चीर गेली तर पंक्चर काढता येत नाही, टायरच बदलावा लागतो. मी कंपनीने सांगितलेलीच हवा ठेवतो, फार तर दोन पौंड कमी. स्टेपनी तपासा, जॅकखाली ठेवायला फळीचा तुकडा घ्या. पाणी तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट घ्या.

काळ्या मातीचं मात्र सगळंच वेगळं. माळ उतरून ओढ्याकडे किंवा शेतांकडे आलात की मुरूम संपतो आणि काळी सुरू होते. मेच्या अखेरीस वळवाचा एक पाऊस झाला तरी ती टायरला लाडवासारखी चिकटते आणि चारही चाकं गुळगुळीत होतात. फोर-व्हील-ड्राइव्हवालेही तिथे गप्प बसतात. आणि ओल्या काळ्या मातीत पडलेली चाकोरी पुढे वाळून दगड होते, मग शेतकऱ्याची बैलगाडी महिनोन् महिने त्या खळग्यांतून आदळत जाते. त्यामुळे संशय आला तर उतरा, टाच दाबून बघा. टाच रुतली किंवा बुटाला माती चिकटली, तर गाडी तिथेच ठेवा.

एक गोष्ट लोकांना माहीतच नसते. वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. सायलेन्सरची नळी चालवून चालवून इतकी तापलेली असते की तिला टेकलेलं गवत पेटू शकतं. मेमधला माळ आणि वारा म्हणजे आग कुठवर जाईल सांगता येत नाही. गाडी उभी करायची ती उघड्या वाटेवर, तीही वाटेतच, बाजूला घेऊन नाही.

आता तुमच्या फोटोंकडे. जवळ जायचं नाही तर फोटो कसे मिळणार, हा खरा प्रश्न असेल. माझा अनुभव असा की चाकोरी न सोडताही ते मिळतात, पण थांबता यायला लागतं. पक्षी गाडीला माणसाइतके घाबरत नाहीत. दार उघडून पाय खाली टाकला, की मग घाबरतात. गाडी ही तुमची लपण आहे, ती मोडू नका. दार उघडायचं नाही, खिडकी आधीच खाली घेऊन ठेवायची, लेन्स खिडकीवर धान्याच्या पिशवीवर टेकवायची. आणि मुलांना सनरूफमधून डोकं बाहेर काढू देऊ नका. मला ठाऊक आहे, ती गाडी त्यासाठीच घेतली असेल. पण आकाशाच्या पार्श्वभूमीवर हलणारी डोकी दिसली की गाडीचा सगळा भरवसा संपतो.

पुढे सरकताना दर दहा फुटांना थांबायचं, पुन्हा सुरू करायचं, हे करू नका. थांबून पुन्हा सुरू होणारं इंजिन पक्ष्याला सतत चालू असलेल्या इंजिनपेक्षा जास्त दचकवतं. आधी दुर्बिणीने बघा, चाकोरी पक्ष्याच्या सर्वांत जवळून कुठे जाते ते ठरवा, एकाच संथ गतीने तिथवर जा आणि मगच इंजिन बंद करा. मग बसा. धाविक चरत असेल तर तोच इकडे-तिकडे धावत येतो, कधी कधी लेन्सच्या फोकसच्याही अलीकडे. त्याची मान ताठ झाली, चरणं थांबलं आणि तो सारखा तुमच्याकडेच बघायला लागला, तर तुमची हद्द आली. आणखी पुढे नको. तो एकाच जागेभोवती घुटमळत असेल, चरतही नसेल आणि लांबही जात नसेल, तर तिथे अंडी किंवा पिल्लं आहेत असं धरून चाला आणि तिथून निघा. त्या जागेचं लोकेशन कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथे सहा गाड्या येतात. सहाही जण सभ्य असले तरी त्या अंड्यांना ते सहा जण जास्तच होतात.

दुसरी गाडी आधीच थांबलेली असेल तर तिला ओलांडून पुढे जाऊ नका आणि पक्ष्याच्या दुसऱ्या बाजूनेही येऊ नका. त्याला निघून जायला एक बाजू मोकळी हवी. ‘बाकीचे घेतात’ म्हणालात, त्याबद्दल एवढंच सांगतो: घेणाऱ्यांशी तिथे वाद घालत बसू नका, वनरक्षकाला कळवा. शाब्दिक चकमकीने पक्षी आणखीनच उडतात.

माळ कुणाचा आहे हेही आधी विचारून घ्या. वनखात्याचं रान, गावाचं गायरान आणि कुणाचं तरी खासगी पडीक, तिन्ही दिसायला सारखीच. पुणे वनविभागाने कडबनवाडी आणि शिरसुफळ इथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. ऑनलाइन नोंदणी होते, स्थानिक वाटाड्या बरोबर येतो, वाटा ठरलेल्या असतात. पहिल्यांदा जाताय तर तिथूनच सुरुवात करा, असं माझं स्पष्ट मत आहे. वाटाड्याला कोणती वाट यंदा बंद ठेवायची ते ठाऊक असतं. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे, पण मुलांना चिंकारा दाखवायला उत्तम.

मेंढरं आडवी आली तर इंजिन बंद करून थांबा. हॉर्न वाजवू नका, कळप फुटतो आणि बिचकलेलं कोकरू कुठेही पळतं. मेंढपाळाला ‘रामराम मामा’ म्हणा, पाणी विचारा. त्या माळावर काल काय होतं, आज काय आहे, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. पाणंदीतून जाताना दोन्हीकडे पीक असेल तर वेग आणखी कमी करा. फुफाटा उडून डाळिंबाच्या बागेवर बसला तर शेतकरी शिव्या देतो, आणि त्याचं बरोबर आहे.

भिगवणकडे वळणार असालच, कारण इतकं जाऊन उजनीचं पाणी न बघता कोणी परतत नाही, तर तिथला मोह वेगळा आहे. उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून धरण मायनसमध्ये गेलं की मैलोन् मैल तळ उघडा पडतो. सपाट, भेगाळलेला, गाडीला जणू निमंत्रणच. त्या उघड्या गाळावर आणि बेटांवर नदी सुरय आणि छोटा आर्ली हे पक्षी याच दिवसांत अंडी घालतात. पापुद्र्याखाली गाळ ओला असतो तो वेगळाच. वरून करकरीत वाळलेला दिसतो आणि पाण्याच्या दिशेने दोनशे पावलं गेल्यावर गाडी एक्सलपर्यंत बसते. गाडी काठावरच्या शेवटच्या मळलेल्या वाटेवर ठेवा आणि कुंभारगाव किंवा डिकसळच्या नावाड्याबरोबर जा. नावेतूनही सुरयांच्या बेटावर उतरायचं नाही, नावाडी ‘उतरा की साहेब, दोन मिनिटं’ म्हणाला तरी.

हिवाळ्यात परत जाल तेव्हा अंड्यांचा प्रश्न बराच कमी झालेला असेल, पण संध्याकाळचा वाढलेला असेल. भोवत्या नावाचे शिकारी पक्षी युरोप-मध्य आशियातून येतात आणि दिवस मावळताना ठरावीक गवतात एकत्र जमून जमिनीवरच रात्र काढतात. त्या वेळी तिथे हेडलाइट लावून गाडी फिरवली तर सगळा थवा उठतो आणि अंधारात दुसरी जागा शोधत फिरतो. सूर्यास्ताआधी वाट धरा किंवा लांब थांबून दिवे न लावता बघा. आणि लांडगा दिसला तर त्याच्यामागे गाडी घालू नका. पळणाऱ्या लांडग्याचे फोटो भरपूर झालेत, त्यातल्या जवळजवळ प्रत्येकात तो गाडीपासूनच पळतोय.

एवढं करूनही गाडी रुतली तर चाक गरगर फिरवू नका, ते स्वतःचीच कबर खणतं. फिरायला लागल्याक्षणी थांबा आणि आल्या चाकोरीतूनच सरळ मागे घेऊन बघा. नाहीच निघाली तर चाकाखाली गाडीतल्या रबरी चटया घाला. बोरी-बाभळीच्या फांद्या तोडू नका, त्यात होल्यांची घरटी असतात. जवळच्या वस्तीवर चालत जा, ट्रॅक्टर मिळतो. पैसे आधी विचारून घ्या आणि घासाघीस करू नका, त्याने हातातलं काम टाकलेलं असतं. गाडी निघाल्यावर लगेच पळू नका. चाकांनी केलेले खड्डे फावड्याने बुजवा, ओढलेले दगड जिथले होते तिथे ठेवा. फावडं ट्रॅक्टरवाल्याकडे असतंच.